मोबाइलवरचं गणित वहीत उतरतं का?

"नमस्कार बाई. मी सेलूजवळच्या (जि. परभणी) एका गावात राहते. शिलाईकाम करते. माझं शिक्षण सातवीपर्यंत. मुलगा नववीला, मुलगी सातवीला. घरात चांगला फोन एकच. मुलगा त्यावर इंग्रजी शिकायचं एक अ‍ॅप आणि गणिताचा एक गेम खेळतो. इंग्रजीची त्याची ९४ दिवसांची स्ट्रीक आहे, म्हणजे सलग एवढे दिवस एकदाही चुकवलेलं नाही. ती तुटू नये म्हणून रात्री साडेअकराला झोपेतून उठतो. गणिताच्या गेममध्ये ६१व्या लेव्हलला गेलाय. पण पहिल्या सत्रात बीजगणितात ४० पैकी १३ मार्क पडले. त्याचे पप्पा म्हणतात, खेळू दे, रील बघण्यापेक्षा बरं. सासरे म्हणतात, फोनच काढून घ्या. आता गेमवाल्यांचा फोन येतो, वर्षाचे ४,८०० रुपये भरा, सवलत फक्त आजच्या दिवस. मला इंग्रजी येत नाही, गणितही विसरले. लेकरू खरंच शिकतंय का, हे मी कसं ओळखू? – एक आई"

ताई,

पैसे आज भरू नका. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण बाकीचं सगळं निवांत ठरवता येईल, गेलेले पैसे मात्र परत मागत बसावं लागेल. 'आजचा दिवस' उद्याही असतो आणि पुढच्या महिन्यातही असतो. ४,८०० रुपयांसाठी मशीनवर किती दिवस वाकावं लागतं, ते फोन करणाऱ्याला ठाऊक नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

आता तुमचा प्रश्न. तुमच्या घरातली दोन्ही मतं मला अर्धी अर्धी पटतात. रील बघण्यापेक्षा हे बरं, हे खरं आहे. पण 'बरं' म्हणजे 'शिकणं' नव्हे. आणि आजोबांची काळजी खरी असली तरी फोन काढून घेतला म्हणून १३ चे ३० होणार नाहीत. गेम बंद झाला तरी बीजगणित आहे तिथंच राहील.

मी ३० वर्षं गणित शिकवलं. गेल्या उन्हाळ्यात शेजारचा दहावीतला मुलगा मला त्याचा गेम दाखवायला आला. मोठ्या हौसेनं आला होता. गणित पडद्यावर आलं: ३/४ + २/३. खाली चार उत्तरं. त्यानं एकावर बोट ठेवलं, लाल झालं. दुसऱ्यावर ठेवलं, लाल. तिसरं हिरवं झालं, नाण्यांचा खळखळाट झाला आणि पुढचं गणित आलं. सगळं मिळून दहा सेकंद. मी काही बोलले नाही. टेबलावर एक जुनी लग्नपत्रिका पडली होती, ती उलटी केली आणि त्याच्याच हातात पेन देऊन म्हटलं, हेच गणित इथं कर. त्यानं बेधडक लिहिलं: ५/७. वरचे वर मिळवले, खालचे खाली.

मी विचारलं, पाऊण भाकरी ताटात आहे, त्यात मी आणखी दोन तृतीयांश भाकरी वाढली, तर ताटात भाकरी वाढली की कमी झाली? म्हणाला, वाढली. मग ५/७ म्हणजे पाऊण भाकरीपेक्षा जास्त की कमी, बघ बरं. त्यानं भाग देऊन पाहिलं. ०.७१. पाऊण म्हणजे ०.७५. बराच वेळ पत्रिकेकडे बघत राहिला. मग स्वतःच खाली लिहिलं: ९/१२ + ८/१२ = १७/१२. भाकरी एकीच्या वर गेली. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते त्या नाण्यांच्या खळखळाटाला कधीच उमटलं नव्हतं, मी शेजारीच बसले होते.

या मुलानं त्या गेममध्ये अपूर्णांकांच्या कितीतरी लेव्हल पार केल्या होत्या. तो लबाडी करत नव्हता. गेमनंच त्याला शिकवलं होतं की तुक्का मारला तरी काही बिघडत नाही, तीन तुक्क्यांत उत्तर सापडतंच. तुमच्या मुलाच्या ६१ लेव्हल आणि १३ मार्क यांचा मेळ बसत नाही म्हणून तुम्ही गोंधळलात. माझा अंदाज आहे, तुमच्या घरातही असंच काहीसं चाललंय.

आपल्याकडे 'तोंडओळख' असा एक छान शब्द आहे. बाजारात एखादी बाई दिसते, चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव काही केल्या आठवत नाही. चार पर्यायांतून बरोबर उत्तर निवडणं ही तोंडओळख. कोऱ्या कागदावर पहिल्या ओळीपासून गणित मांडणं म्हणजे त्या बाईचं नाव, गाव, माहेर सगळं आठवून सांगणं. परीक्षा दुसरी गोष्ट विचारते. बहुतेक गेम पहिली करून घेतात, आणि पोराला प्रामाणिकपणे वाटतं की आपल्याला येतंय.

हे माझ्या एकटीच्या अनुभवावरून बोलत नाही. बीजगणिताचा 'ड्रॅगनबॉक्स' नावाचा एक गाजलेला गेम आहे, २०१२ पासूनचा, नॉर्वेत तयार झालेला. त्यात आधी चित्रं असतात, हळूहळू चित्रांच्या जागी क्ष येतो. फार कल्पक गेम आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी सातवी-आठवीच्या मुलांचे दोन गट केले. एकाला हा गेम दिला आणि दुसऱ्याला समीकरणं पायरी पायरीनं सोडवून घेणारं साधं सॉफ्टवेअर. गेमवाल्या मुलांनी जास्त गणितं सोडवली, त्यांना मजाही जास्त आली. पण नंतरच्या चाचणीत पायरी पायरीनं शिकलेली मुलं पुढे निघाली. म्हणजे गेमच्या आतलं कौशल्य गेमच्या आतच राहिलं.

म्हणून सगळे गेम वाया असंही नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा कितीतरी अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा गेमनं शिकणाऱ्यांना सरासरी थोडा फायदाच झालेला दिसला. फरक पडत होता तो गेमची रचना कशी आहे यामुळे. रंग आणि आवाज गौण. गेम पोराला डोक्यातून काही काढायला लावतो का? चुकलं तर का चुकलं ते सांगतो का? चुकलेलं तेच पुन्हा दोन दिवसांनी, आठवड्यानं विचारतो का? या तीन गोष्टी असतील तर गेम कामाचा.

आपल्या मराठवाड्याला हे नवीन नाही. लातूर पॅटर्नचा एवढा बोलबाला झाला, त्यात सराव परीक्षांचा वाटा किती मोठा होता ते तुमच्या ओळखीतल्या कुठल्याही जुन्या विद्यार्थ्याला विचारा. पुस्तक मिटायचं, पेपर सोडवायचा, चूक बघायची, पुन्हा सोडवायचा. त्याच्याही आधी देवासमोर बसून पावकी, निमकी, पाऊणकी म्हणून घेणारे आजोबा दुसरं काय करत होते? तुमचे सासरे कदाचित त्याच पिढीतले असतील. त्यांना औटकी येत असेल तर नातवासमोर एकदा म्हणायला लावा, साडेतीनचा पाढा ऐकून पोरगं चाट पडेल.

इंग्रजीच्या अ‍ॅपबद्दल मी जरा मऊ आहे. आपल्या खेड्यातल्या लेकरांना इंग्रजी कानावर पडतच नाही. उच्चार ऐकायला मिळणं, चुकलं तरी कुणी हसणार नाही अशा ठिकाणी बोलून बघणं, शब्द पुन्हा पुन्हा समोर येणं, हे त्या अ‍ॅपमधून मिळत असेल तर त्याची किंमत आहे. फक्त तेवढ्यानं निबंध लिहिता येत नाही. विज्ञानासाठी तर काही गोष्टी मी स्वतःहून सुचवेन. अमेरिकेच्या कोलोरॅडो विद्यापीठानं 'फेट' नावाची प्रयोगांची वेबसाइट तयार केली आहे. ती पूर्ण मोफत आहे आणि त्यातले बरेच प्रयोग मराठीतही आहेत. नववीला 'धाराविद्युत' हा धडा आहे. शाळेत बॅटरी, दिवे, तारा मुलांच्या हातात किती येतात ते तुम्हाला ठाऊक आहे. इथं पोरगा पडद्यावर तार जोडतो, दिवा लागतो, रोध, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, वाढवतो, दिवा मंदावतो. नाणी नाहीत, लेव्हल नाही. 'असं केलं तर काय होईल' एवढाच खेळ. भूमितीसाठी 'जिओजेब्रा' असंच मोफत आहे. आणि बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड 'दीक्षा' अ‍ॅपवर स्कॅन केले की धड्याशी जोडलेलं साहित्य मिळतं, तेही फुकट. ४,८०० रुपये मागणाऱ्याला एवढं तरी विचारा की यापेक्षा वेगळं तुम्ही काय देता, आणि ते आमच्या पोराच्या पुस्तकाशी जुळतं का. युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षण अहवालात म्हटलंय की ब्रिटनमध्ये अशी उत्पादनं विकणाऱ्या कंपन्यांपैकी अवघ्या ७ टक्के कंपन्यांनी आपलं उत्पादन दोन गटांची रीतसर तुलना करून तपासलं होतं. 'शास्त्रीय पद्धत' हे शब्द जाहिरातीत घालायला मात्र काही लागत नाही.

आता मुख्य गोष्ट, बीजगणितातले १३ मार्क. नववीत बहुपदी आणि गुणोत्तर-प्रमाण असतं. त्यात अडणारं पोरगं बहुधा नववीत अडलेलंच नसतं. ते सहावीतल्या अपूर्णांकांत किंवा सातवीतल्या ऋण संख्यांत अडलेलं असतं आणि तसंच ओढत पुढे आलेलं असतं. २०१५ साली दिल्लीत एक चांगला अभ्यास झाला. शाळा सुटल्यावर मुलं केंद्रात यायची. पाऊण तास संगणकावर 'माइंडस्पार्क' नावाचं सॉफ्टवेअर आणि पाऊण तास शिकवणाऱ्या माणसाबरोबर छोट्या गटात. सॉफ्टवेअर मुलाची इयत्ता बघत नव्हतं, त्याला खरोखर काय येतं ते बघून तिथून सुरुवात करत होतं. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत मुलं चांगली पुढे गेली. मला यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पोराला त्याच्या खऱ्या पायरीवर आणून बसवलं, आणि शेजारी माणूस होतं. तुमच्या मुलाचा गेम ६१व्या लेव्हलवर आहे, पण त्याची खरी पायरी कुठली, हे अजून कुणी तपासलेलं नाही.

ते तुम्ही तपासू शकता. 'मला इंग्रजी येत नाही, गणितही विसरले' असं तुम्ही लिहिलंत, ते वाचून मला वाईट वाटलं. माप घेताना, कापड बेतताना, अस्तर पुरवताना तुम्ही रोज गुणोत्तर-प्रमाण करता. तेच त्याला घाला. एका ब्लाऊजला ८० सेंटिमीटर अस्तर लागतं असं धरा. १५ ब्लाऊजांना किती मीटर? आणि ताग्यात १० मीटरच उरलंय, तर किती ब्लाऊज होतील, किती कापड उरेल? फोन दुसऱ्या खोलीत, हातात वही-पेन. पहिल्याचं उत्तर १२ मीटर, ते त्याला येईल. दुसऱ्याला तो साडेबारा ब्लाऊज म्हणाला तर रागावू नका. अर्धा ब्लाऊज कुणाला शिवून देणार, एवढंच विचारा. १२ ब्लाऊज आणि ४० सेंटिमीटर उरलं, इथपर्यंत तो स्वतः आला की त्यानं कसं केलं ते तुम्हाला सांगू द्या. उत्तर बरोबर आलं तरी सांगू द्या. सांगताना जिथं तो 'ते असंच असतं' म्हणेल, तिथंच त्याची अडचण आहे.

गेममधलंही असंच तपासा, पण लगेच नको. आज त्यानं जी लेव्हल खेळली त्यातली पाच गणितं उद्या सकाळी शाळेत जाण्याआधी वहीवर करायला सांगा, पर्याय न देता. मध्ये एक रात्र गेली पाहिजे. २००६ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. गेम संपल्या संपल्या विचारलंत तर सगळं येईल आणि तुमचीही फसगत होईल.

इंग्रजीचं तर आणखी सोपं. ९४ दिवस झालेत ना, मग त्याला म्हणावं, आपल्या घराबद्दल दहा वाक्यं लिही, न बघता. वाक्यं बरोबर की चूक हे तुम्हाला कळलं नाही तरी चालेल. तो भराभर लिहितो की पेन तोंडात घालून बसतो, हे तुम्हाला नक्की कळेल. वाक्यं शाळेत मॅडमना दाखवू द्या.

रात्री साडेअकराला उठणं मात्र आजपासून बंद. याबाबत मी अजिबात मऊ नाही. त्या वयाच्या पोराला आठ-दहा तास झोप लागते, आणि दिवसभर शिकलेलं झोपेतच पक्कं होतं. शिकण्यासाठी झोप मोडायची म्हणजे पेरलेलं उकरून बघण्यासारखं आहे. स्ट्रीक हा आकडा पोरानं रोज अ‍ॅप उघडावं म्हणून केलेला आहे. तो किती शिकला ते त्यातून कळत नाही. पण त्याचा जीव त्यात अडकलाय, तेव्हा झटक्यात तोडू नका. जेवणाआधीची वीस मिनिटं ठरवून द्या. त्यात स्ट्रीक राहिली तर राहिली. एखाद्या दिवशी लाईट गेली, रेंज गेली आणि तुटली, तर पोराला जवळ घ्या आणि ९४ दिवसांत शिकलेला एक शब्दही त्या आकड्याबरोबर जात नाही, हे त्याला सांगा. १९७३ सालचा एक जुना प्रयोग आहे. नर्सरीतल्या ज्या लेकरांना चित्रं काढायला मनापासून आवडायचं, त्यांतल्या काहींना 'चित्र काढलंस तर बक्षीस' असं सांगितलं. बक्षीस मिळालं, आणि पुढच्या आठवड्यांत तीच लेकरं आपणहून चित्रं कमी काढायला लागली. नववीतला मुलगा नर्सरीतला नाही, हे मान्य. तरी नाण्यांसाठीच गणित करायची सवय लागली तर नाणी नसलेल्या वहीकडे हात जात नाही, हे मी वर्गात पाहिलंय.

फोनमध्ये तुमचं यूपीआय असेल तर त्याचा पिन मुलाला ठाऊक नाही ना, ते बघा, आणि प्ले स्टोअरच्या खरेदीला पासवर्ड लावून घ्या. गेममधल्या जाहिरातीतून पैसे लावून खेळायचा गेम समोर आला तर तो त्याच वेळी काढायचा. २०२५ च्या कायद्यानं तसल्या खेळांवर देशभर बंदी आहे, हेही त्याला सांगून ठेवा.

ताई, पत्रात तुमच्या मुलीबद्दल फक्त एक वाक्य आहे, 'मुलगी सातवीला'. घरात फोन एक, आणि पत्रभर तो मुलाच्याच हातात दिसतो. 'असर' नावाची ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी असते, तिच्या २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयाची, स्मार्टफोन वापरता येणारी जी मुलं-मुली होती, त्यांच्यात स्वतःचा फोन जवळपास ४४ टक्के मुलांकडे होता आणि २० टक्के मुलींकडे. तुम्ही मुद्दाम करत नसाल, घराघरांत ते असंच होत जातं. गेम कामाचा असेल तर तो तिच्याही कामाचा आहे. वीस मिनिटं त्याची, वीस मिनिटं तिची. नाहीतर दोघांना एकत्र बसवा: गणित तिनं वाचायचं, पर्याय झाकून ठेवायचे, त्यानं वहीवर सोडवायचं, मग पर्याय उघडायचे. दुसऱ्या दिवशी उलट. तुक्क्याचा रस्ता बंद होतो आणि एका फोनवर दोघं शिकतात. तिचे अपूर्णांक या वर्षी पक्के झाले तर नववीत तिच्यासाठी असं पत्र लिहायची वेळ येणार नाही.

सासऱ्यांना सांगा, फोन महिनाभर राहू द्या, पण सकाळची पाच गणितं त्यांच्यासमोर बसून होतील. मोजायला त्यांना बसवा. महिन्यानं वहीत उतरलेलं काही दिसलं नाही, तर गणिताचा गेम काढून टाका, मी तुमच्या बाजूनं आहे.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की ती वही घेऊन गणिताच्या सरांना भेटा. मार्कांबद्दल विचारू नका, मार्क तुम्हाला माहीतच आहेत. 'याचं नेमकं कुठून चुकतंय, कुठल्या इयत्तेपासून बसवू?' एवढंच विचारा. सरांना वेळ नसेल तर वहीच्या पहिल्या चार पानांचे फोटो मला पाठवा, खाडाखोडीसकट. खोडलेलं मिटवू देऊ नका, मला तेच बघायचंय.